साहेबाला वाढलेलं शेवाळ

ओन्चान जन्मली घरात की नदीतल्या खडकावर, याबद्दल थाफो गावात दोन मतं होती. आई म्हणायची घरात. पण शेजारच्या म्हाताऱ्या शपथेवर सांगत, की नऊ महिने भरले तरी ती बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून शेवाळ काढत होती, आणि कळा सुरू झाल्या तेव्हा तिने टोपली आधी नीट काठावर ठेवली आणि मगच हाक मारली. ओन्चानला ओळखणाऱ्या कुणालाही म्हाताऱ्यांचंच खरं वाटेल.

आमची लेंग नदी थंडीत उतरायची. पाणी नितळ व्हायचं, काठचे खडक वर यायचे आणि त्यांच्यावर लांब केसांसारखं हिरवंगार शेवाळ धरायचं. ते काढणं हे बायकांचं काम. पुरुषांनी जाळी टाकावी आणि हातातून सुटलेल्या माशांच्या गोष्टी सांगाव्यात. बायका सकाळी पाण्यात उतरत आणि सूर्य डोक्यावर येईतो टोपल्या भरून बाहेर येत. मग वाळूचा कण राहणार नाही इतकं ते धुवायचं, ठेचायचं आणि बांबूच्या चौकटीवर पातळ पसरायचं. वरून लसूण, चिंचेचं पाणी, तीळ, टोमॅटोच्या चकत्या. दोन उन्हं खाल्ली की त्याचा पापड होतो. तेलात टाकून लगेच काढला आणि मिरचीच्या ठेच्याबरोबर खाल्ला, की माणूस वाफेवरच्या भाताची दुसरी टोपली मागतो.

पापड सगळ्याच करत, पण ओन्चानचा वेगळा ओळखू यायचा. तो इतका पातळ असे, की उन्हात धरला तर पलीकडे कोण उभं आहे ते दिसायचं. लुआंग प्रबांग शहराच्या बाजारातल्या बायका खास तिच्या पापडांसाठी होडी करून यायच्या. नवरा तापाने गेला तेव्हा तिची लेक तुई सहा वर्षांची होती. त्यानंतर याच पापडांवर तिने पोरगी वाढवली, घराचे खांब बदलले, तुईचं लग्न करून जावई घरात आणला. आमच्याकडे जावई सासूच्या घरी राहायला येतो. हा बरा निघाला. कमी बोलायचा आणि जास्त राबायचा.

आता तिची एक खोड. ती सगळ्या थाफोत थोडीबहुत होती, हिच्यात जरा जास्त होती. घराची शिडी चढून वर आलेलं माणूस ती न जेवता खाली उतरू द्यायची नाही. घरात मूठभरच भात असेल तर टोपलीत खाली केळीचं पान कोंबायचं आणि वर भात पसरायचा, म्हणजे टोपली भरलेली दिसते. ‘अजून आहे, घ्या,’ असं म्हणायचं, आणि नंतर आपण मीठपाणी पिऊन निजायचं. आपण कुणाच्या वाटचं खातोय हे पाहुण्याला कळू देणं म्हणजे त्याच्या घशात घास अडकवणं. ओन्चानला हे कुणी शिकवलं नव्हतं. आई करायची, ती करायला लागली.

मग धरण आलं.

धरणाची वीज आमच्यासाठी नव्हती. ती थायलंडला जायची होती. तिकडच्या शहरांना थंड हवा लागते, मोठमोठी दुकानं रात्रंदिवस उजळलेली लागतात. आमच्या देशाकडे विकायला फारसं काही नाही. डोंगर आहेत, पाऊस आहे, उतारावरून धावणारं पाणी आहे. तर सरकारने ठरवलं, पाणी विकू. चुकलं असं म्हणणारा मी कोण? विजेचे पैसे देशाला येतात, शाळा होतात, रस्ते होतात असं म्हणतात. रस्ता तर मी पाहिलाच. थाफोतली माणसं त्याच रस्त्याने वर डोंगरावर नेली आणि सारख्या निळ्या पत्र्याच्या सारख्या घरांत बसवली. खाली नदी फुगली आणि थांबली. विहाराचं छप्पर काही दिवस दिसलं, नंतर तेही गेलं.

थांबलेल्या पाण्यात शेवाळ धरत नाही. पहिल्या थंडीत ओन्चान तरीही टोपली घेऊन खाली गेली. खडक तीन माणसांच्या उंचीइतके खोल बुडालेले होते. काठावर गाळ होता आणि त्यात पाय रुतत होता. ती परत आली, टोपली उपडी करून ठेवली आणि जावयाबरोबर उतारावर कसावाच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, कांड्या लावायला गेली. त्या उतारात मातीपेक्षा दगड जास्त. कंपनीने आळंबी लावायचं शिक्षणही दिलं. तीन दिवसांचा वर्ग, शेवटी टोपी आणि प्रमाणपत्र. आळंबी कुजली. टोप्या चांगल्या निघाल्या, अजून वापरतात.

एकच गोष्ट अशी होती की जिच्यावर सगळ्यांनी जीव टांगून ठेवला होता. पुलापलीकडे सपाट जमीन होती, ओढ्याच्या पाण्याची. वर्षाला दोनदा भात निघेल अशी. कंपनीच्या कागदात लिहिलेलं होतं, की हलवलेल्या माणसांचं पोट दोन वर्षांत पहिल्यासारखं भरलं नाही, तर ही जमीन त्यांना वाटून द्यायची. ओन्चानच्या वाट्याचा तुकडा कुठे येईल हे तुईने जाऊन पाहूनसुद्धा ठेवलं होतं. तिथे एक चिंचेचं झाड होतं.

“जमीन मिळाली तर आम्ही राहतो, आई,” तुईने सरळ सांगितलं होतं. “नाही तर मेकाँग ओलांडून थायलंडला जायचं. हे म्हणतात, तिकडे कोळंबीच्या कारखान्यात नवराबायको दोघांना घेतात.”

“आणि दाव?” दाव म्हणजे तुईची दोन वर्षांची पोर.

“तिला काय इथे दगड खायला ठेवू?”

ओन्चानने दावला मांडीवर ओढून घेतलं. त्या दिवसापासून पुलापलीकडची जमीन तिच्या डोक्यातून हलली नाही. जमीन म्हणजे दाव. एवढा सरळ हिशेब होता.

पोट भरतंय की नाही हे ठरवणार कोण, तर एक साहेब. हे कळलं ते गावचा नायबान, म्हणजे मुखिया, सीथाट याच्याकडून. तो जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन सगळं समजून आला आणि त्याने विहाराच्या नव्या मंडपात सगळ्यांना बसवून सांगितलं.

“नीट ऐका. धरणाला पैसा दिला तो दूरदेशच्या लोकांनी. म्हातारपणासाठी साठवलेला पैसा असतो ना, तसला. त्या लोकांची एक अट असते. पैसा हिरवा पाहिजे. हिरवा म्हणजे, त्याच्यामुळे धूर व्हायला नको आणि कुणाचं वाईट व्हायला नको. तर त्यांचा माणूस येऊन बघणार. त्याने लिहिलं की थाफोची माणसं उपाशी आहेत, तर कंपनीला जमीन द्यावी लागेल, आणि देईपर्यंत वरच्या अंगाला जे दुसरं धरण व्हायचंय त्याला पैसा सुटणार नाही. त्याने लिहिलं की बरं चाललंय, तर शिक्का मिळाला, विषय संपला.”

“म्हणजे थायलंडचे दिवे आपल्या पोटावर अडलेत म्हणा,” कोणीतरी मागून म्हणालं. लोक हसले.

“हसू नका,” सीथाट म्हणाला. “आता मुद्द्याचं. साहेब आला की कोंबडं कापायचं नाही. ताटं मागून आणायची नाहीत. नवे कपडे घालायचे नाहीत. आहे तसं दाखवायचं. भात आणि मीठ असेल तर भात आणि मीठ.”

मंडपातलं हसू थांबलं. आपण गरीब आहोत याचं त्यांना वाईट वाटलं नव्हतं. पाहुण्यापुढे मीठ ठेवायचं, हे ऐकून सगळ्यांना कसंनुसं झालं होतं.

“सीथाटदादा,” ओन्चान म्हणाली, “पाणी तरी द्यायचं ना?”

“पाणी द्या, ताई. पण त्यात लिंबू पिळू नका. तुम्हाला मी ओळखतो.”

पुन्हा हसू झालं, आणि ठरलं. सगळ्यांनी माना हलवल्या. ओन्चाननेही हलवली. तिने मनापासून हलवली होती, हे मी पैजेवर सांगतो.

साहेब आला तो मार्चच्या उन्हात. जीप खालच्या वळणावर बंद पडली म्हणून शेवटची चढण चालत आला. उंच, अशक्त, पन्नाशीचा. मान लाल झालेली, एका पायाने लंगडत होता कारण बुटाने टाच सोलली होती. बरोबर राजधानी व्हिएन्तियानची एक दुभाषी मुलगी आणि जिल्ह्याचा एक अधिकारी. अधिकारी सावलीत बसला तो उठलाच नाही. साहेबाने गावात शिरताना बूट काढले, हात जोडले आणि मोडक्यातोडक्या लाओ भाषेत सगळ्यांना नमस्कार केला. म्हाताऱ्यांना आधी, मग बाकीच्यांना. त्याला रीत ठाऊक होती. तिथेच घात झाला. तो उर्मट असता तर थाफोने त्याला मीठ खुशाल वाढलं असतं.

तो घरोघर फिरला आणि प्रश्न विचारत गेला. दुभाषी मुलगी गोड आवाजात विचारायची, “काकी, भात पुरतो का?” आणि काकी म्हणायची, “पुरतो.” भात पुरतो का या प्रश्नाला आमच्याकडे दुसरं उत्तर नसतं. वाटेत भेटलेल्या माणसाला आपण विचारतो जेवलात का, आणि तीन दिवसांचा उपाशी माणूसही जेवलो म्हणतो. तसंच हे. सीथाट मागून खाकरायचा. मग काकी म्हणायची, “म्हणजे, तसा थोडा कमी पडतो.” आणि लगेच लाजून, “पण भागतं.” साहेब वहीत लिहायचा.

दुपार झाली तेव्हा तो ओन्चानच्या शिडीपाशी होता. नव्या घरांना शिडी नाही, सिमेंटच्या तीन पायऱ्या आहेत, पण आम्ही शिडीच म्हणतो. तो वर आला, चटईवर बसला आणि सोललेली टाच पायाखाली लपवली. ओन्चानने ते पाहिलं. तुई आतल्या दाराशी दावला कडेवर घेऊन उभी होती. तिने आईकडे पाहून नकारार्थी मान हलवली.

ओन्चानने पाणी दिलं. लिंबू पिळलं नाही.

“मावशी,” दुभाषी मुलीने विचारलं, “साहेब विचारतात, पूर्वी तुम्ही काय काम करायचा?”

“शेवाळ काढायची.”

“आणि आता?”

“आता कसावा लावते.”

इथवर सगळं बरोबर चाललं होतं. साहेबाने लिहिलं. मग त्याने रिकामं भांडं खाली ठेवलं. त्याचा चेहरा उतरला होता. उन्हाने, चढणीने, किंवा सकाळपासून कुणी काही खायला न दिल्याने. साऱ्या गावाने हात आखडला होता ना. ओन्चानने तो उतरलेला चेहरा पाहिला. परका माणूस, कोण जाणे कुठून आलेला, तिच्या घरात, जेवणाच्या वेळी, उपाशी.

ती उठली.

“आई,” तुई हळूच म्हणाली.

“एक घास,” ओन्चान म्हणाली. “एका घासाने काय होतंय.”

फळीवर पत्र्याचा डबा होता. त्यात सात पापड होते, बुडण्यापूर्वीच्या शेवटच्या थंडीतले. दर वर्षी पितरांच्या सणाला नवऱ्याच्या नावाने एक पापड विहारात ठेवायचा, म्हणून तिने ते दोन वर्षं राखले होते. पावसाळ्यात निखाऱ्याशी धरून कोरडे ठेवले होते. नवरा आणखी सात वर्षं खाईल असा तिचा अंदाज होता. तिने चूल पेटवली, तेल ठेवलं. एक पापड टाकला. लसणाचा वास निळ्या पत्र्यांच्या दोन्ही रांगांतून गेला.

त्या वासाने गावाचा निश्चय मोडला. शेजारची बाई दारात आली, तिच्या हातात दोन उकडलेली अंडी होती. “ओन्चानने वाढलं, मग मी काय तोंड दाखवू,” ती म्हणाली. मग पलीकडचा म्हातारा तांदळाच्या दारूची बाटली घेऊन आला. मग कोणीतरी कोंबडं कापलं. अंड्यांसाठी राखलेल्या कोंबड्यांत गावात तो एकच नर होता. कुणाकडून ताटं आली, कुणाकडून नवी चटई आली, बायका ठेवणीतले रेशमी काठाचे सिन, म्हणजे कमरेला गुंडाळायची वस्त्रं, नेसून आल्या. सीथाट दारात उभा राहून कपाळावर हात मारत होता. थोड्या वेळाने तोही घरी गेला आणि म्हशीच्या सुकवलेल्या मांसाची जुडी घेऊन आला. आता गावप्रमुखाने रिकाम्या हाताने बसायचं की काय.

साहेब जेवला. असा जेवला की बघून बरं वाटावं. पापडाचा तुकडा तोंडात टाकला आणि त्याने डोळे मिटले. मग काहीतरी बोलला.

“साहेब म्हणतात, असं त्यांनी कुठेच खाल्लं नाही,” दुभाषी मुलगी म्हणाली. तिच्याही तोंडात पापड होता. “हे नदीतलंच ना, मावशी?”

“नदीतलंच.”

“अजून मिळतं?”

ओन्चानच्या हातात ताट होतं. त्यात शेवटचे दोन पापड होते. एकेक करत पाच तळून वाढले गेले होते. सगळे तिच्याकडे पाहत होते, तुईसुद्धा. आता सांगायला हवं होतं. मिळत नाही. हे शेवटचं आहे. हे माझ्या नवऱ्याचं आहे. तीन वाक्यं. तिने तोंड उघडलंही होतं. पण साहेबाचा घास अर्ध्यावर थांबला होता, तो उत्तराची वाट पाहत होता, आणि ते वाक्य ऐकलं असतं तर तो घास त्याने खाली ठेवला असता. एवढा सभ्य माणूस होता तो.

“भरपूर आहे,” ओन्चान म्हणाली. “घ्या.”

आणि दोन्ही पापड त्याच्या ताटात घातले.

नंतर त्याच्या मनगटाला सूत बांधलं. म्हाताऱ्यांनी एकेक पांढरा दोरा बांधत त्याला सुखाचा प्रवास, दीर्घ आयुष्य, घरी वाट पाहणाऱ्या माणसांना आरोग्य मागितलं. त्याचे डोळे भरून आले. त्याने ओन्चानचा फोटो काढला, हातात रिकामं ताट, चेहऱ्यावर हसू. हसू खरं होतं. माणूस पोटभर जेवून उठला की ती अशीच हसायची.

जीप दुरुस्त झाली, साहेब गेला. तुईने सांडलवंड पुसली, ताटं घासून ज्याची त्याला पोचवली. मग संध्याकाळी दावला भरवताना, वर न बघता म्हणाली, “पोर रडते तेव्हा तिला सांगत जा, भरपूर आहे म्हणून.”

ओन्चानने पापडांचा रिकामा डबा धुऊन उपडा ठेवला.

चार महिन्यांनी, पावसाळ्यात, जिल्ह्याचा तोच अधिकारी आला आणि मंडपात बसून त्याने कागद वाचला. आमच्या भाषेत करून आणला होता. साहेबाने काही खोटं लिहिलं नव्हतं. जे पाहिलं तेच लिहिलं होतं. जमीन खडकाळ आहे. आळंबीचा प्रयोग फसला. असं सगळं होतं त्यात. पण पुढे होतं, की आहारात मांस, अंडी आणि भाजी यांचं प्रमाण समाधानकारक आढळलं. सण आणि विधी जोमाने चालू आहेत. आणि मग: नदीतील शेवाळाचा पारंपरिक व्यवसाय नष्ट होईल अशी भीती होती, ती निराधार ठरली. स्थलांतरित महिलेने ताजं उत्पादन दाखवलं, खाऊ घातलं आणि ते भरपूर उपलब्ध असल्याचं सांगितलं. शेवटी एक ओळ होती. उपजीविका पूर्ववत झाली आहे.

“शिक्का मिळाला,” अधिकारी म्हणाला. “अभिनंदन. वरच्या धरणालाही पैसा सुटला. देशाची वीज दुप्पट होणार.” त्याने कागदाचं पहिलं पान सगळ्यांना दाखवलं. तिथे ओन्चान होती, ताट हातात धरून हसत. “तुमच्या गावाची बाई जगभर जाणार बघा.”

सीथाटने विचारलं, “आणि पुलापलीकडची जमीन?”

“तिची आता गरज उरली नाही ना. तिथे नव्या धरणाच्या कामगारांची वसाहत होईल.”

कुणी आरडाओरडा केला नाही. आम्ही करत नाही. अधिकाऱ्यालासुद्धा जाताना कुणीतरी केळी दिली. ओन्चानला कुणी बोल लावला नाही, कारण अंडी ज्यांनी आणली, कोंबडं ज्यांनी कापलं, ते सगळे त्या कागदात होते. फक्त एकदा, पाण्याच्या नळावर, शेजारची बाई म्हणाली, “ताई, भरपूर असेल तर आमच्याकडेही पाठवा की थोडं.” ती हसत म्हणाली. ओन्चानही हसली. घरी आली आणि दाराआड उभी राहून रडली. आयुष्यात तिने उपासमार पाहिली होती, नवऱ्याला आपल्या हातांनी चितेवर ठेवलं होतं. तेव्हाही तिला स्वतःची लाज वाटली नव्हती. आता वाटली.

पावसाळा संपता संपता तुई गेली. जावयाने घराचा पत्रा नीट ठोकून दिला, लाकडं फोडून रचून ठेवली. दाव आईच्या पाठीवर बांधलेली होती आणि तिला वाटत होतं की बाजारला जायचंय. तुईने आईपुढे गुडघे टेकून हात जोडले. ओन्चानने तिघांच्या मनगटांना सूत बांधलं. बांधताना जे म्हणायचं असतं ते तिला आठवेना. ती नुसतीच गाठी मारत राहिली.

“येते आई,” तुई म्हणाली. मग पाठीवरच्या झोळीची गाठ आवळत, “तुझा राग नाही माझ्या मनात. तुझ्या जागी मीही वाढलं असतं.”

हे तिने समजूत काढायला म्हटलं. ओन्चानला ते सर्वांत जास्त लागलं.

पहिले दोन महिने फोन येत होते. कारखान्यात गारठा असतो, कोळंबी सोलून बोटं सुजतात, दावला एका म्हातारीकडे ठेवतो. मग नंबर बदलला. नवा नंबर आला नाही. नदीच्या पलीकडच्या देशात कागदाशिवाय राहणाऱ्या माणसांचे नंबर असेच बदलत असतात, सीथाट म्हणाला. त्याचेही दोन मुलगे गेले होते. सगळ्या गावावरून विजेच्या जाड तारा गेल्या आहेत, डोंगरावरून डोंगरावर, सरळ सीमेकडे. पावसात त्या घूं घूं वाजतात. ओन्चान त्यांच्याखाली कसावा लावायची.

थंडीत एक दिवस एक बस आली. वरच्या अंगाची माणसं होती, नव्या धरणाखाली ज्यांचं गाव जाणार होतं ती. कंपनी त्यांना थाफो दाखवायला घेऊन आली होती. हलवलेलं गाव कसं सुखात राहतं ते आपल्या डोळ्यांनी बघा. बसमधल्या माहितीपत्रकावर ओन्चान होती, त्यामुळे सगळे सरळ तिच्या दारात आले. बाया, म्हातारे, पंधरावीस माणसं. कंपनीचा माणूस सीथाटबरोबर मंडपात चहा पीत बसला.

ओन्चान दारात उभी होती. पाहुणे पायऱ्यांखाली उभे होते. ती बाजूला झाली नाही. तिने चटई घातली नाही. पाणी दिलं नाही. सगळ्यांसमोर तिने भाताची टोपली आणली, झाकण काढलं, वरचा भाताचा थर हाताने बाजूला सारला आणि खालचं केळीचं पान त्यांना दाखवलं. तिचे कान तापले होते. असं तिने जन्मात केलं नव्हतं. कुणीच केलं नसेल.

“हे आहे माझ्याकडे,” ती म्हणाली. “शेवाळ नाही. फोटोत आहे ते शेवटचं होतं. माझी पोरगी गेली, नात गेली. तुमच्याकडे तो उंच साहेब येईल. चांगला माणूस आहे. त्याला काही देऊ नका. पाणीसुद्धा देऊ नका.”

पाहुणे अवघडून एकमेकांकडे बघायला लागले. कुणी खाली पाहिलं, कुणी मुलाचं नाक पुसलं. मग एक म्हातारी पुढे आली. तिचे दात सुपारीने काळे झाले होते. पायऱ्या चढून तिने ओन्चानला खाली बसवलं, आपणही शेजारी टेकली, काखेतली झोळी सोडली आणि केळीच्या पानात बांधलेली प्रवासाची शिदोरी काढली. ती तिने ओन्चानच्या मांडीवर ठेवली.

“खा आधी,” ती म्हणाली. “पोरगी गेल्यावर माणसाला अन्न गोड लागत नाही. पण खावं.”

“मावशी, मी काय सांगितलं ते ऐकलंत ना? साहेबाला काही द्यायचं नाही.”

“ऐकलं गं.” म्हातारीने भाताचा गोळा करून तिच्या हातात दिला. “पण दारात आलेल्याला उपाशी कसं ठेवणार? ते काही जमायचं नाही आम्हाला.”

“तुमच्यापुरताच आहे ना हा भात? मग तुम्ही काय खाणार?”

“भरपूर आहे,” म्हातारी म्हणाली.

ओन्चानने तिच्या झोळीकडे पाहिलं. झोळी रिकामी होती. तिने तो घास तोंडात घातला, कारण म्हातारी बघत होती, आणि चावत राहिली.